इंजिन तापलं, खापर उन्हावर

मे महिन्यात आमच्या सीमाभागातल्या गॅरेजांमध्ये एक निकाल ठरलेला असतो. भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण, आळंद, कलबुर्गी, गाव कुठलंही असो. कुणाची तरी जुनी फोक्सवॅगन बीटल असते. तिचं इंजिन चांगले पैसे मोजून नुकतंच बांधलेलं असतं. थोडं अंतर कापलं की गाडी ओढायची थांबते, जळका वास सुटतो, सिग्नलला उभी केली की तेलाचा दिवा मिचमिचतो. मालक परत गॅरेजात येतो आणि त्याला ऐकावं लागतं, ‘मालक, ही एअर-कूल्ड गाडी, थंड मुलखातली. आपल्याकडच्या उन्हात तापणारच. त्यात इंजिन नवं आहे, टाइट आहे. चालवत राहा, मोकळं होईल.’

हे उत्तर चूक आहे, आणि ते महागात पडतं. याच्या भरवशावर गाडी दामटली की हेडला तडे जातात, एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनमध्ये शिरतं, आणि नुकतंच बांधलेलं इंजिन पुन्हा उघडावं लागतं. बीटल भारतात कधी बनली नाही. बाहेरून आलेल्या थोड्याशा गाड्या हातोहात फिरत राहिल्या. अशा गाडीची एक क्रँककेस किंवा एक हेड गेलं तर दुसरं मिळवताना वर्ष निघून जातं. म्हणून या उत्तराचा नीट समाचार घेणं गरजेचं वाटतं.

पहिला प्रश्न साधा आहे. ही गाडी इंजिन उघडण्याआधी कुठे धावत होती? याच रस्त्यांवर, याच उन्हात. तेव्हा तिचं कॉम्प्रेशन गेलं असेल, ती तेल खात असेल, धूर सोडत असेल, पण अशी तापत नव्हती. मधल्या काळात कलबुर्गीचं ऊन बदललं नाही. बदललं ते इंजिन. मग शोध कुठून सुरू करायचा? जे बदललं तिथून. शाळेतलं पोरही हे सांगेल, पण गॅरेजात एकदा ऊन हा शब्द आला की हा प्रश्न कुणी विचारत नाही.

आता उन्हाचा हिशोबच करून पाहू. कलबुर्गीत मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो हे खरं. बीदर पठारावर आहे, तिथे थोडं कमी. पण हवेनं होणारं कूलिंग अवलंबून असतं ते तापलेला धातू आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर. उदाहरणादाखल, बाहेर २५ अंश असताना प्लगच्या बुडाशी हेडचं तापमान १८० अंश आहे असं धरा. फरक १५५ अंशांचा. बाहेर ४३ अंश झाले तर तेवढीच उष्णता बाहेर टाकायला हेड साधारण १९८ अंशांवर स्थिरावेल. म्हणजे बाहेरचे १८ अंश वाढले तर हेडचेही जवळपास १८च वाढले. २०० अंशांच्या आसपासचं हेड ही चिंतेची बाब आहे, नाश नव्हे; खरा धोका २३० अंशांच्या पुढे सुरू होतो. ज्या इंजिनाचं हेड मे महिन्यात २५० अंश दाखवतं, ते डिसेंबरातही २३० च्या वरच असणार. तेव्हा मालकाच्या लक्षात आलं नाही, एवढंच.

यावर जाणकार माणूस म्हणेल, तापलेली हवा विरळ असते, पंखा तेवढाच फिरला तरी कमी वजनाची हवा ढकलतो. बरोबर आहे. २५ वरून ४३ अंशांवर गेल्यावर हवेची घनता सुमारे सहा टक्क्यांनी घटते, आणि बीदरच्या उंचीमुळे आणखी थोडी. पण हीच विरळ हवा कार्बोरेटरही ओढतो. सिलिंडरमध्ये हवा कमी गेली तर जाळही कमी होतो आणि पूर्ण रेस दिल्यावर तयार होणारी उष्णताही त्याच प्रमाणात घटते. पंखा कमी देतो आणि इंजिनही कमी मागतं. शिवाय विरळ हवेत साधा कार्बोरेटर मिश्रण किंचित जाड, पेट्रोलच्या बाजूला झुकलेलं देतो, आणि जाड मिश्रण हेडला थंड ठेवतं. ऊन जितकं बिघडवतं, त्यातलं बरंच ते स्वतःच परत देतं.

‘थंड मुलखातली गाडी’ या म्हणण्यालाही इतिहासाचा आधार नाही. बीटलच्याच इंजिनावर बांधलेली क्युबेलवॅगन ही लष्करी गाडी दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात वापरली गेली. रेडिएटर नाही, पाण्याची गरज नाही, हा तिथे तिचा मोठा गुण मानला जायचा. पुढे बीटल ब्राझीलमध्ये बनली, मेक्सिकोत बनली. मेक्सिकोच्या पुएब्ला शहरात ३० जुलै २००३ रोजी शेवटची बीटल बाहेर पडली तेव्हा जगभरातला आकडा दोन कोटी पंधरा लाखांच्या वर गेला होता. त्यातल्या लाखो गाड्या उष्ण प्रदेशांत, टॅक्सी म्हणूनही, आयुष्यभर राबल्या.

आणि इतक्या लांब जायची तरी काय गरज? कलबुर्गीच्या सुपर मार्केटच्या गर्दीत भर दुपारी रिक्षा रांगत असतात. रिक्षाचं इंजिन मागे, पत्र्याच्या आवरणात कोंडलेलं, पंख्यानं ढकललेल्या हवेवर थंड होणारं. बीटलची मांडणी याहून वेगळी कुठे आहे? एअर-कूल्ड इंजिन इथल्या उन्हात टिकत नाही असं सांगणारा मिस्त्रीच सकाळपासून चार रिक्षा दुरुस्त करून सोडतो, आणि त्या संध्याकाळपर्यंत भाडी मारतात.

बीदरकरांनी तर हा आळ मुळीच मान्य करू नये. इथल्या हवाई दलाच्या तळावर एके काळी नव्या वैमानिकांना एचटी-२ या विमानावर उड्डाणाचे पहिले धडे दिले जायचे. १९५१ मध्ये पहिल्यांदा आकाशात गेलेलं हे विमान बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली घडलं. घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत गटिंगनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. एचटी-२ ला १५५ अश्वशक्तीचं सिरस मेजर इंजिन होतं. चार सिलिंडर एका ओळीत, उलटे लटकलेले, आणि पूर्णपणे हवेवर थंड होणारे. आता एकामागे एक उभ्या असलेल्या सिलिंडरांत चौथ्याला वारा कसा मिळणार? समोरून आलेली हवा बाजूच्या बोळात घेऊन, पत्र्यांनी अडवून, प्रत्येक सिलिंडरच्या फिन्समधून, म्हणजे अंगावरच्या पातळ पात्यांमधून, आडवी पार करायला लावायची, हे त्याचं उत्तर. त्या पत्र्यांना बॅफल म्हणतात. ते काढले तर पहिला सिलिंडर गार आणि चौथा जळालेला. याच पठारावर, याच आकाशात ती इंजिनं चालली.

प्रांटलचं नाव उगाच घेतलं नाही. धातूला चिकटून वाहणाऱ्या हवेचा एक पातळ, मंद थर असतो, हे त्यांनी १९०४ मध्ये मांडलं. हा थर उष्णतेला अडवतो. हवा वेगानं आणि फिन्सच्या अगदी अंगाला लागून गेली तर थर पातळ होतो आणि धातू गार होतो. हवा नुसती आसपास असून भागत नाही, तिला फिन्सच्या फटीतूनच जायला भाग पाडावं लागतं. बीटलचं इंजिन तापण्यामागची निम्म्याहून अधिक कारणं या एका गोष्टीत आहेत, आणि नेमक्या याच गोष्टीकडे इंजिन बांधताना सर्वांत कमी लक्ष जातं.

इंजिन खाली उतरलं की आधी त्याच्यावरचे पत्रे निघतात. काही मोठे आणि दिसणारे, काही लहान, वाकडे, गंजलेले. बांधणी झाल्यावर मोठे पत्रे परत बसतात. लहानांपैकी काही बाकड्याखाली राहतात. त्यातले सर्वांत दुर्लक्षित म्हणजे सिलिंडरांच्या खालच्या बाजूला, दोन बॅरलांच्या मधे बसणारे पत्रे. वरून आलेली हवा सिलिंडरच्या खालच्या अंगालाही वळसा घालून जावी म्हणून ते असतात. बाहेरून ते दिसत नाहीत, ते नसले तरी गाडी सुरू होते, म्हणून ‘हे काय कामाचे’ म्हणून ते भंगारात जातात. मग हवा वरच्या फिन्सना शिवते आणि सोपी वाट धरून निघून जाते, खालचा भाग तापत राहतो. शेतातला पाट मधेच फुटला की मोटार चालू असूनही शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तसं हे आहे. तिथे कुणी विहिरीला दोष देत नाही.

मग प्लगच्या वायरींचे रबर. ते फाटके असले किंवा नसलेच तर प्लगच्या भोकातून पंख्याची हवा वरच निसटते. इंजिनाच्या कडेनं बसणारी लांब रबरी पट्टी तर जुन्या गाड्यांत जवळपास नेहमी गायब असते. ती पट्टी वरचा गार कप्पा आणि खालचा तापलेला कप्पा वेगळे ठेवते. ती नसली की सायलेन्सरजवळची गरम हवा वर येते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो. याची परीक्षा सोपी आहे. गाडी वेगानं चालवून आणायची आणि पंख्याच्या तोंडाशी तापमान मोजायचं. बाहेर ४० अंश आणि पंख्याच्या तोंडाशी ६५ असेल, तर त्या इंजिनाला कलबुर्गीची हवा मिळतच नाही, त्याला स्वतःचाच उच्छ्वास मिळतो आहे.

१९७१ च्या मॉडेलपासून फोक्सवॅगननं ऑइल कूलर तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेतून काढून पंख्याच्या डब्याच्या मागे वेगळ्या कप्प्यात नेला. आधीच्या रचनेत कूलरमधून निघालेली गरम हवा तिसऱ्या सिलिंडरच्या वाट्याला यायची, आणि तोच सिलिंडर पहिल्यांदा जळायचा. आपल्याकडे इंजिनं बांधताना सुटे भाग मिळतील तसे जमवले जातात. जुनी केस, नवा डबा, तिसऱ्याच गाडीचा पंखा. नव्या डब्याला रुंद पंखा लागतो, आणि कूलरची गरम हवा बाहेर सोडणारा वेगळा पत्रा व फोम लागतो. डबा बसवला आणि तो पत्रा बसवला नाही, तर सुधारलेल्या रचनेचा फायदा पार गेला. पंखा अरुंद राहिला तर हवाच अपुरी. दिसायला सगळं जागच्या जागी असतं.

डब्याच्या आतही एकदा बघायला हवं. बांधणीच्या काळात धूळ जाऊ नये म्हणून कोंबलेलं फडकं आतच राहतं, वर्षानुवर्षं उभ्या गाडीत उंदीर घर करतात, गांधीलमाशी पोळं करते. थर्मोस्टॅटला जोडलेल्या झडपा बंद अवस्थेत अडकतात. नव्या, बाजारातल्या हेड आणि बॅरलच्या फिन्समध्ये ओतकामाचे पापुद्रे राहिलेले असतात. फटीतून उजेडच दिसत नाही, मग हवा कशी जाईल? बारीक कानशीनं ते साफ करायला एक दुपार लागते. इंजिन चकाचक दिसावं म्हणून फिन्सवर जाड रंगाचे थर चढवणं हाही असाच उद्योग. आणि वाडी-सेडमकडच्या सिमेंट कारखान्यांच्या किंवा शहाबादी फरशीच्या खाणींच्या पट्ट्यात गाडी फिरत असेल, तर पॅकिंगमधून झिरपणारं तेल आणि ती बारीक धूळ मिळून फिन्सवर असा लेप बसतो की तो खरवडूनच काढावा लागतो. एवढाच काय तो आमच्या प्रदेशाचा दोष, आणि त्याचं कारणही तेलाची गळतीच.

आता ‘नवं इंजिन टाइट असतं’ या म्हणण्याकडे येऊ. यात सत्याचा अंश आहे, म्हणूनच ते फसवतं. नव्या रिंगा आणि नवे बॅरल एकमेकांत बसेपर्यंत घर्षण जास्त असतं, आणि पहिले काही शे किलोमीटर तेल थोडं अधिक तापतं. पण ते प्रत्येक फेरीत उतरत गेलं पाहिजे. जे इंजिन आज कालच्याइतकंच किंवा कालच्याहून जास्त तापतं, ते बसत नाहीये, ते खराब होतंय. एअर-कूल्ड बॅरल पाण्यावरच्या इंजिनापेक्षा जास्त गरम होतात, पिस्टन जास्त फुगतो. म्हणून पिस्टन आणि बॅरलमधली फट कंपनीनं सांगितलेल्या मापातच हवी, बीटलमध्ये ती साधारण ०.०४ ते ०.०६ मिलिमीटर असते. लेथवाल्यानं अॅम्बॅसॅडरच्या सवयीनं, अंदाजानं बोअर मारलं, किंवा रिंगांच्या टोकांमधली फट न तपासता रिंगा चढवल्या, तर तापल्यावर पिस्टन धरतो. याला ‘टाइट’ म्हणून सोडून देता येत नाही. हे चुकीचं माप आहे, आणि चुकीचं माप चालवून बरोबर होत नाही. बॅरलवर खोल ओरखडे उमटवूनच ते मोकळं होतं.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते जाड तेलाच्या सल्ल्यानं. तापतंय ना, मग जाड तेल घाला. ऐकायला पटतं. पण या इंजिनात तेलाचा मार्ग कसा आहे ते पाहा. पंपातून निघालेल्या तेलाचा दाब फार वाढला, म्हणजे तेल थंड आणि घट्ट असलं, की एक रिलीफ व्हॉल्व्ह खाली सरकतो आणि तेलाला कूलर टाळून पुढे जाऊ देतो. कूलर फुटू नये यासाठी ही सोय आहे. तेल गरम आणि पातळ झालं की स्प्रिंग तो व्हॉल्व्ह वर ढकलते आणि तेल कूलरमधून जाऊ लागतं. आता यात मुद्दाम जाड तेल भरलं, तर दाब चढाच राहतो, व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि बरंचसं तेल कूलरला शिवतच नाही. गार करण्यासाठी केलेला उपाय गार होण्याची वाटच बंद करतो. शिवाय जाड तेल ढवळण्यातच उष्णता तयार होते. आपल्या हवेला २०डब्ल्यू-५० पुरेसं आहे, उन्हाळ्यातही.

याच व्हॉल्व्हमध्ये नव्या बांधणीचा एक मोठा दोष लपतो. केस धुताना राहिलेला एखादा धातूचा कण, जुना ओरखडा, किंवा दोन रिलीफ व्हॉल्व्ह असलेल्या केसमध्ये स्प्रिंगांची झालेली अदलाबदल यामुळे व्हॉल्व्हचा छोटा पिस्टन खालीच अडकतो. मग कूलर नवा असो की परदेशातून मागवलेला, तेल त्यातून जातच नाही. केसच्या खालचा मोठा स्क्रू उघडून तो पिस्टन बाहेर काढणं, स्वच्छ करणं आणि बोटानं मोकळा सरकतो का पाहणं, एवढंच काम. त्यासाठी इंजिन उतरवावंही लागत नाही. तरीही तो सोडून आधी जादा कूलर बसवायला माणसं निघतात. कूलरखालच्या रबरी सीलचंही असंच. दोन मापांचे सील बाजारात मिळतात, चुकीचे बसले तर गळतात किंवा तेलाची वाट आवळतात.

गरम इंजिनावर तेलाचा दाब मिनिटाच्या हजार फेऱ्यांमागे सुमारे १० पीएसआय असावा. तेलाचं तापमान ८० ते ११० अंशांत असेल तर ठीक, १२० च्या वर गेलं तर थांबायचं. हे आकडे हाताशी नसताना ‘तापतंय’ किंवा ‘तापत नाही’ यातलं काहीच बोलता येत नाही. हात लावून बघितलं, पाणी टाकल्यावर चर्र झालं, हे मोजमाप नव्हे. १८० अंशांचं निरोगी हेडही पाणी टाकल्यावर चर्रच करतं. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नका. अॅल्युमिनियमचं हेड आणि बिडाचं बॅरल वेगवेगळ्या वेगानं आकसतात, आणि दोन व्हॉल्व्ह सीटच्या मधे तडा जातो.

मोजायचं कसं, तर आधी मोजणाऱ्यालाच तपासा. एका कंपनीचा सेन्सर आणि दुसऱ्या कंपनीचं मीटर एकत्र जोडलं की काटा वाटेल ते दाखवतो. सेन्सर उकळत्या पाण्यात धरा. बीदरच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. काटा १२० दाखवत असेल तर आजार मीटरचा आहे. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर आता स्वस्तात मिळतो, मात्र कोरोनाच्या काळात कपाळासमोर धरायचे तो इथे चालणार नाही. चकाकत्या धातूवर हा थर्मामीटर कमी आकडा दाखवतो, म्हणून जिथे मोजायचं तिथे काळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. मग चारही सिलिंडर वेगवेगळे मोजायचे. एकच सिलिंडर तापत असेल तर ऊन, तेल, पेट्रोल हे सगळे निर्दोष सुटतात, कारण ते चौघांना सारखेच आहेत. मग दोष त्या सिलिंडरच्या हवेच्या वाटेत, व्हॉल्व्हच्या फटीत किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या मॅनिफोल्डच्या गळतीत. उभ्या गाडीत तापतं की हुमनाबाद-सोलापूर हमरस्त्यावर वेगात, हेही वेगळं लिहून ठेवायचं. उभ्या गाडीत तापत असेल तर फॅन बेल्ट आणि टायमिंगपासून सुरुवात, वेगात तापत असेल तर मिश्रण आणि पत्र्यांपासून. गाडी सपाट रस्त्यावर हातानं ढकलून पाहायची. ब्रेक धरत असेल तर बिचारं इंजिन दिवसभर ब्रेकशी भांडत असतं आणि शिव्या मात्र त्यालाच बसतात.

टायमिंग कानानं लावण्याची आपल्याकडची परंपरा आहे, आणि कित्येक उस्तादांचा कान खरोखर तयार असतो. पण बाजारातल्या नव्या पुलीवरच्या खुणा चुकीच्या असू शकतात, डिस्ट्रिब्युटर बदलला की त्याची पुढे सरकण्याची तऱ्हा बदलते. टायमिंग मागे राहिलं तर जळतं मिश्रण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजून काढतं. पुढे गेलं तर नॉकिंग होतं, आणि पंख्याच्या आवाजात ते ऐकूही येत नाही. टायमिंग लाइट लावून, पूर्ण पुढे गेल्यावर २८ ते ३२ अंशांच्या मधे आहे का, हे डोळ्यांनी पाहायला दहा मिनिटं लागतात. बांधणीत हेड फेसिंग केलं असेल, बॅरलखालचे शिम काढले असतील, तर कॉम्प्रेशन वाढलेलं असतं. १६०० सीसीचं हे इंजिन साधारण ७.५ ला १ या प्रमाणासाठी बनलं आहे. ते नकळत ९ वर गेलं तर पंपावरच्या साध्या पेट्रोलवर ते तापणार, मग महिना कुठलाही असो.

पेट्रोलची गोष्ट मात्र खरोखर बदलली आहे, आणि गॅरेजात तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. २०२५ पासून देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आमच्या बीदर जिल्ह्याला ऊस काही नवा नाही, त्यामुळे इथेनॉलचं कौतुकही आहे. पण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्याला जळायला हवा कमी लागते. निव्वळ पेट्रोलसाठी लावलेला जेट तसाच ठेवला तर मिश्रण सुमारे सात टक्क्यांनी पातळ होतं. इथेनॉल बाष्प होताना थोडी उष्णता शोषतं, पण पातळ मिश्रणाचं नुकसान तेवढ्यानं भरून निघत नाही. एक-दोन नंबर मोठा मेन जेट बसवून प्लगचा रंग पाहणं, हा त्यावरचा उपाय. गंमत पाहा, बीदरची उंची आणि मे महिन्याची तापलेली हवा मिश्रण जाड करतात, म्हणजे इथेनॉलनं केलेली तूट काही अंशी ऊनच भरून काढतं. ज्याला आरोपी केलं, तो इथे इंजिनाच्या बाजूनं उभा आहे.

यावर शेवटचा सल्ला येतो तो असा, की ही कटकट सोडा, मागे एखादं पाण्यावरचं इंजिन बसवून टाका. तसं केलं तर रेडिएटर कुठे ठेवणार? पुढे ठेवला तर गाडीच्या पोटातून पाइप, मागे ठेवला तर त्याला हवा मिळवून देण्यासाठी पुन्हा पंखा, पत्रे आणि रबरी पट्ट्या. ज्या गॅरेजानं आधीचे पत्रे बसवले नाहीत, ते हे बसवील यावर विश्वास कसा ठेवायचा?

मिस्त्रींच्या हुन्नरावर माझा आक्षेप नाही. सुटे भाग नसताना, मॅन्युअल नसताना, नुसत्या बोटांच्या अंदाजावर इंजिनं उभी करणारी माणसं या भागात आहेत, आणि त्यांच्यामुळेच या गाड्या आज रस्त्यावर आहेत. आक्षेप आहे तो माप लिहून न ठेवण्यावर, आणि मालकानं ते न मागण्यावर. मजुरीचे पैसे देताना एका कागदावर चारही पिस्टनची फट, रिंगांची फट, कॉम्प्रेशन, क्रँकचा एंड प्ले, व्हॉल्व्हची फट (थंड इंजिनावर ०.१५ मिलिमीटर), टायमिंगचे अंश आणि गरम तेलाचा दाब लिहून घ्या. खोललेले सगळे पत्रे जमिनीवर मांडून त्यांचा फोटो बांधणीआधी काढा आणि बांधणीनंतर एकेक जुळवून पाहा. ज्या गॅरेजात हा कागद मिळतो तिथे पैसे थोडे जास्त गेले तरी द्या. मिळत नसेल, तर इंजिन उघडायच्या आधीच गाडी तिथून बाहेर काढा.